प्रश्न तुमचे : मजबूत म्हणजे नेमके काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘मजबूत’. सळई मजबूत हवी, शाफ्ट मजबूत हवा, काच मजबूत म्हणून घेतली आणि फुटली. व्यवहारात हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गुणांसाठी वापरतो. भार पडल्यावर वस्तू किती कमी वाकते तो ताठपणा. कायमची वाकण्याआधी किती भार पेलते ती ताकद. घासणे, टोचणे, ओरखडे किती सोसते तो कडकपणा. आणि चीर पडली किंवा धक्का बसला तरी पटकन तुटत नाही तो चिवटपणा. एक वाढवला की दुसरा आपोआप वाढतो असे नाही. कित्येकदा तो घटतोच. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात आधी हे शोधले आहे की, या चारांपैकी कमी नेमके काय पडले.

प्रश्न : आमच्या दुमजली घराचे काम सुरू होत आहे. आराखड्यात ‘एफई ५००डी’ सळई लिहिली आहे. कंत्राटदार म्हणतो, त्याच दरात एफई ५५० मिळते, आकडा मोठा म्हणजे सळई जास्त मजबूत आणि स्लॅबही झुकणार नाही. बदल करावा का? आणि आलेली सळई साइटवर कशी तपासावी? (सिंहगड रस्ता)

स्ट्रक्चरल इंजिनीअरने लेखी दिल्याशिवाय बदल करू नका. कंत्राटदाराच्या म्हणण्यात दोन चुका आहेत.

सळईवरचा आकडा तिची यील्ड स्ट्रेंग्थ सांगतो, म्हणजे कायमची ताणली जाण्याआधी ती किती ओढ सोसेल ते. ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन, साधारण ५१ किलो. १२ मिमी सळईचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी. तेव्हा ती सुमारे पावणेसहा टन ओढ घेईपर्यंत सोडल्यावर मूळ लांबीवर येते. ही झाली ताकद. स्लॅबचे झुकणे हा ताठपणाचा प्रश्न आहे. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, एफई ४१५ असो की ५५०, सुमारे २०० गिगापास्कलच असतो. उष्णता-प्रक्रियेने किंवा थोड्या मिश्रधातूंनी ताकद दुप्पट होते, पण हा गुणांक जवळपास जागचा हलत नाही, कारण तो लोखंडाच्या अणूंमधल्या बंधांवर ठरतो. उलट ‘आकडा मोठा आहे’ म्हणून सळया कमी टाकल्या, तर स्लॅब जास्त झुकेल आणि चिराही रुंद पडतील.

झुकणे आवरायचे तर जाडी पाहा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: १२५ मिमीचा स्लॅब १५० मिमीचा केला की त्याच भाराखालचे झुकणे साधारण ५८ टक्क्यांवर येते. स्लॅबचे स्वतःचे वजन वाढते म्हणून प्रत्यक्ष फायदा थोडा कमी, पण तरी मोठा. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकात लांबी आणि प्रभावी खोली (दाबाच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतची उंची) यांचे मूळ गुणोत्तर कँटिलिव्हरसाठी, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या स्लॅबसाठी, ७, दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबसाठी २० आणि सलग स्लॅबसाठी २६ दिले आहे. बाल्कनी झुकण्याच्या तक्रारी का जास्त असतात, ते या ७ मध्ये दिसते. दुसरे कारण म्हणजे टेकू लवकर काढणे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली टेकू किमान ७ दिवस, त्याहून लांब स्लॅबखाली १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ आणि त्यापुढे २१ दिवस. कोवळ्या काँक्रीटवर भार आला की ते हळूहळू सरकत राहते आणि तो पोक पुढे कधीच जात नाही.

आता ‘डी’ अक्षराबद्दल, कारण तुमच्या आराखड्यात ते मुद्दाम लिहिलेले आहे. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे तुटण्याआधी साधी एफई ५०० किमान १२ टक्के लांबली पाहिजे, ५००डी १६ टक्के आणि साधी ५५० फक्त १० टक्के. मोजमाप व्यासाच्या पाचपट लांबीवर करतात. शिवाय ५००डी मध्ये तुटण्याची ताकद यील्डपेक्षा किमान १० टक्के जास्त हवी आणि गंधक व फॉस्फरसची मर्यादाही कडक आहे: दोन्ही मिळून ०.०७५ टक्के, साध्या ५०० मध्ये ०.१०५. भूकंपात इमारतीने ऊर्जा पचवायची असते, आणि ती सळई ताणली जाऊनच पचते. १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता. आकडा ५० ने वाढवून लांबण्याची क्षमता १६ वरून १० वर आणणे हा या कामासाठी तोट्याचा सौदा आहे.

साइटवर तपासायला तीन गोष्टी हाताशी आहेत. पहिली, वजन. व्यासाचा मिमीमधील वर्ग भागिले १६२ केले की दर मीटरचे किलो मिळतात: ८ मिमीला ०.३९५, १० मिमीला ०.६१७, १२ मिमीला ०.८८९, १६ मिमीला १.५८. निरनिराळ्या गठ्ठ्यांतून बरोबर एक-एक मीटरचे तुकडे कापा आणि सोनार-किराणा वापरतात तशा ग्रॅमच्या काट्यावर तोला. एकूण मालाला १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के आणि वर ३ टक्के फरक चालतो. दुसरी, कडे. टीएमटी सळई रोलिंगमधून लालभडक बाहेर येताच तिच्यावर पाण्याचा मारा होतो. बाहेरची साल कडक होते, आतला गाभा मऊ राहतो आणि त्याच्याच उष्णतेने साल पुन्हा तापून थोडी नरम होते. कापलेले टोक सपाट घासून, बारीक पॉलिश करून त्यावर नायटल लावले की गडद, सलग, सगळीकडे सारख्या जाडीचे कडे दिसले पाहिजे. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये ५ टक्के नायट्रिक आम्ल. ते प्रयोगशाळेतूनच करून घ्या. कडे एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर पाण्याचा मारा सारखा झालेला नाही. तिसरी, वाकवणे. ५००डी ची २० मिमीपर्यंतची सळई तिच्या तिप्पट व्यासाच्या दांड्याभोवती थंडच वाकवली असता बाहेरच्या बाजूला चीर दिसता कामा नये.

आणि एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका: गॅसने तापवून सळई वाकवणे. तापवलेल्या जागी सालीचा कडकपणा जातो, आणि ती जागा नेमकी कॉलम-बीमच्या जोडाजवळ असते.

प्रश्न : अकरावीच्या पुस्तकात स्टील रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक आहे असे म्हटले आहे. हे उलट वाटत नाही का? तसेच तारेचा यंग गुणांक काढताना आमचे उत्तर दर वेळी वेगळे येते. (शिवाजीनगर)

पदार्थविज्ञानात स्थितिस्थापकता म्हणजे ‘किती ताणले जाते’ नव्हे, तर ‘ताणण्याला किती विरोध करून परत येते’. तेवढीच विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने वाढ, आणायला स्टीलमध्ये रबराच्या हजारो पट प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळामागे ओढ, लागते. रबर कित्येक पट लांबून परत येते हे खरेच. साधे स्टील मात्र हजारात एक-दोन भाग लांबले की पुढे परत येत नाही. दोन वेगळे गुण आहेत आणि बोलीभाषेत दोन्हींना ‘लवचीक’ म्हणतात, तिथे गोंधळ होतो.

प्रयोगाचे आकडे पाहा. अर्धा मिमी व्यासाची, २ मीटर लांब स्टीलची तार. क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मिमी. दोन किलो वजन लावले की प्रतिबल १०० मेगापास्कल आणि तार वाढते अवघी १ मिमी. या १ मिमीत सगळे मोजायचे आहे, म्हणून चुका मोठ्या दिसतात. व्यास ०.०१ मिमीने चुकला तर ती २ टक्के चूक, पण सूत्रात व्यासाचा वर्ग असल्याने उत्तरात ४ टक्के. म्हणून स्क्रूगेजने निदान पाच जागी, प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा. खोलीचे तापमान ५ अंशांनी वाढले तर २ मीटर तार ०.१२ मिमी वाढते, म्हणजे तुमच्या वाचनात १२ टक्के भेसळ. सर्लच्या उपकरणात शेजारी दुसरी, तशीच तार टांगलेली असते ती याचसाठी. छताचा हुक खाली आला तरी दोन्ही तारा बरोबर येतात. सुरुवातीला किलोभर वजन कायम ठेवा, म्हणजे तारेतल्या घड्या सरळ होतील आणि त्या ‘वाढीत’ मोजल्या जाणार नाहीत. प्रत्येक वजनानंतर मिनिटभर थांबा, चढते आणि उतरते दोन्ही वाचन घ्या. वजने काढल्यावर वाचन पहिल्या जागी आले नाही तर तार यील्ड झाली किंवा पकडीत सरकली. ते वाचन टाकून द्या.

प्रश्न : आमच्या शॉपमधल्या ब्लोअरचा ईएन ८ पोलादाचा शाफ्ट तिसऱ्यांदा त्याच जागी तुटला आहे. ४० मिमी बेअरिंग सीट, पुढे ५० मिमीची स्टेप, तुटतो तो स्टेपच्या कोपऱ्यात. ७२० आरपीएम, रोज आठ तास. नवा शाफ्ट महिनाभरही टिकत नाही. त्याऐवजी जास्त ताकदीचे ईएन २४ पोलाद वापरले तर टिकेल का? (भोसरी)

मटेरियल बदलण्याआधी तुटलेले तोंड नीट पाहा. ते एकमेकांवर घासू नका, ‘बसते का’ म्हणून जोडून पाहू नका. तिथेच सगळा पुरावा आहे.

तुमचा शाफ्ट दिवसाला ३,४५,६०० फेरे घेतो, २६ दिवसांत सुमारे ९० लाख. प्रत्येक फेऱ्यात बेल्टच्या ओढीने त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. एका ओढीत काहीच होत नाही, पण लाखो वेळा झाल्यावर कोपऱ्यात सूक्ष्म चीर सुरू होते आणि दर फेऱ्याला किंचित पुढे सरकते. यालाच फटीग म्हणतात. जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वेच्या आसांवर हे पद्धतशीर तपासले, आणि ते आसही स्टेपच्या कोपऱ्यातच तुटत होते.

तोंडावर शिंपल्यासारख्या वळ्या असलेला गुळगुळीत भाग दिसेल. ती चीर हळूहळू चालत गेल्याची वाट आहे. खरबरीत, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. खरबरीत भाग लहान असेल तर भार मुळात फार नव्हता, चिरेने बहुतेक शाफ्ट आधीच खाल्ला होता. तो मधोमध असेल आणि कडेने सगळीकडून बारीक पायऱ्या आत गेलेल्या असतील, तर कोपरा फार धारदार आहे आणि चिरा एकाच वेळी अनेक जागी सुरू झाल्या. असे तोंड ईएन ८ चा दोष दाखवत नाही, आकाराचा दोष दाखवते.

आता आकडे. समजा बेल्टची एकूण ओढ ६,००० न्यूटन आणि पुलीचे मध्य तुटण्याच्या जागेपासून १२० मिमीवर. ४० मिमी व्यासावर वाकण्याचे प्रतिबल ११५ मेगापास्कलच्या आसपास येते. ईएन ८ ची तुटण्याची ताकद साधारण ६०० मेगापास्कल. फटीगची मर्यादा आरशासारख्या नमुन्यावर तिच्या निम्मी, ३००. लेथवर कापलेला पृष्ठभाग आणि मोठा व्यास धरून व्यवहारात २०० धरा. ११५ आणि २०० मध्ये भरपूर अंतर दिसते. पण कोपऱ्यात रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, अर्धा मिमी असेल तर तिथे प्रतिबल दोन ते अडीच पट चढते: २३० ते २८५. शाफ्ट तुटणारच. तोच रेडियस ३ मिमी केला तर वाढ साधारण १.६ पट राहते आणि आकडा १८५ वर, म्हणजे मर्यादेच्या आत येतो.

अडचण अशी की, ४० मिमी बोअरच्या ६२०८ बेअरिंगला शाफ्टवर १ मिमीपेक्षा मोठा रेडियस चालत नाही. बेअरिंग रेडियसवर चढून तिरके बसते. टर्नर धारदार कोपरा ठेवतो तो याच कारणाने, निष्काळजीपणाने नव्हे. यावर उपाय स्पेसर रिंगचा. ४० मिमी बोअर, ५० मिमी बाहेरचा व्यास, ६ मिमी जाड. स्टेपकडच्या बाजूला आतून साडेतीन मिमी ४५ अंशाचे चँफर, म्हणजे तिरकी कापलेली कड. रिंग स्टेपच्या सपाट भागाला टेकते, चँफरखाली रेडियस मोकळा राहतो, बेअरिंग रिंगच्या सपाट तोंडाला टेकते. बेअरिंग ६ मिमी सरकते, तेवढी शाफ्टची लांबी आधीच धरा. जागाच नसेल तर स्टेपच्या तोंडात आतल्या बाजूला गोल अंडरकट (आत कोरलेली खाच) घ्या. पण तो गोल टूलने, पार्टिंग टूलच्या चौकोनी टोकाने घेतला तर नवी धारदार खाच तयार होईल.

रेडियसवर शेवटचा कट बारीक फीडने घ्या आणि एमरी शाफ्टच्या लांबीच्या दिशेने मारा. लेथवर फिरवत मारलेल्या एमरीचे ओरखडे घेराच्या दिशेने पडतात, आणि चिरेला नेमकी तीच दिशा हवी असते. कीवे (पुली अडकवणाऱ्या किल्लीची खाच) असेल तर त्याचे टोक रेडियसमध्ये घुसू देऊ नका, आणि शक्य असेल तिथे एंडमिलऐवजी डिस्क कटरने काढा. त्याचा शेवट हळूहळू वर येतो, कोपरा राहत नाही.

पुली बेअरिंगच्या जवळ घ्या. १२० चे ९० मिमी झाले की प्रतिबल एक चतुर्थांशाने घटते, आणि याला खर्च जवळपास नाही. बेल्ट घसरतो म्हणून ताणत नेण्याची सवय बऱ्याच शॉपमध्ये आहे. घसरण्याचे कारण बहुतेक वेळा झिजलेल्या पुलीच्या खाचा किंवा तेल असते. जागा असेल तर ४० ऐवजी ४५ मिमी सीट करा. प्रतिबल व्यासाच्या घनाने घटते, ७० टक्क्यांवर येते.

ईएन २४ हार्डन-टेंपर करून (तापवून झटकन निववून, मग पुन्हा थोडा तापवून) घेतला तर त्याची ताकद ८५० ते १,००० मेगापास्कल असते, म्हणजे कागदावर फटीग मर्यादाही जास्त. पण जितके पोलाद ताकदवान तितके ते खाच आणि ओरखडे यांबाबत नाजूक. धारदार कोपरा तसाच ठेवून ईएन २४ घातला तर काही आठवडे जास्त मिळतील, पैसे मात्र बरेच जास्त जातील. आधी रेडियस, मग पुलीचे अंतर, मग बेल्टचा ताण. हे सगळे करूनही तुटला तरच मटेरियलकडे या. ताठपणाच्या बाबतीत ईएन २४ काहीच देणार नाही. शाफ्ट वाकून थरथरत असेल तर तो तितकाच थरथरेल.

तुटलेल्या किंवा झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून पुन्हा टर्न करणे टाळाच. ईएन ८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. थंड शाफ्टवर वेल्ड मारला की कडेचा पट्टा झपाट्याने निवून काचेसारखा ठिसूळ होतो आणि चीर तयार स्थितीतच मशीनवर चढते. नवा शाफ्ट बसवल्यावर आठवड्याने बेल्ट उतरवून रेडियसवर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) लावा: जागा सॉल्व्हंटने स्वच्छ, लाल रंग १० ते १५ मिनिटे, फडक्याने पुसणे, पांढरा डेव्हलपर, पुन्हा १० मिनिटे. घेराच्या दिशेने लाल केसासारखी रेघ उमटली तर शाफ्ट लगेच काढा. सॉल्व्हंट थेट जागेवर फवारू नका, फडक्यावर घ्या; नाहीतर चिरेतला रंगही धुऊन जातो आणि शाफ्ट चांगला असल्याचा भास होतो.

प्रश्न : तांबट आळीतून घेतलेले, आतून कल्हई केलेले तांब्याचे पातेले गॅसवर रिकामे राहून खूप तापले. आता अंगठ्याने दाबले तरी पोचा पडतो. लोहार लोखंड लाल करून पाण्यात घालतात, तसे केले तर ते पुन्हा कडक होईल का? (कसबा पेठ)

पाण्यात घालून तांबे कडक होत नाही. तांबट उलट मऊ करायलाच तांबे मंद लाल तावतात आणि पाण्यात टाकतात. निवायला वेळ जात नाही आणि वरची काळी खपली सुटते.

तुमच्या पातेल्याचा कडकपणा आला होता तो मठारकामातून. पॉलिश केलेल्या तोंडाच्या हातोडीने ओळीत, एकाला एक लागून मारलेले ते गोल ठसे नुसती नक्षी नाहीत. धातूच्या स्फटिकांमध्ये अणूंच्या ओळी काही ठिकाणी चुकलेल्या असतात. या विस्थापन-रेषा सरकतात म्हणूनच धातू वाकतो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे हे मांडले. तावलेल्या तांब्यात अशा रेषा चौरस सेंटिमीटरला काही लाख ते काही कोटी असतात. भरपूर ठोकल्यावर त्या दहा हजार कोटींच्या घरात जातात. मंडईच्या चौकात चारी बाजूंनी गाड्या घुसल्या की एकही हलत नाही, तसे रेषा एकमेकींत अडकतात आणि तांबे वाकेनासे होते. ठोकलेल्या तांब्याची कडकपणाची मोजणी तावलेल्याच्या दुपटीच्या वर जाते. पातेले तापले तेव्हा नवे, निर्दोष स्फटिक वाढले आणि ही सगळी कोंडी सुटली.

म्हणून उपाय एकच, पुन्हा मठारून घेणे. भांडे नेताना ‘रिकामे तापले’ हे स्पष्ट सांगा. आतून लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन तळापासून काठाकडे ओळीने ठसे घ्यावे लागतात. पोचा आधी लाकडी मोगरीने काढायचा, पोलादी हातोडीने नव्हे. ती त्या जागी पत्रा पातळ करते. कल्हई मठारल्यानंतरच करायची. कथील २३२ अंशांना वितळते, तेव्हा तुमची जुनी कल्हई ओघळून गोळा झाली असणार; ती नवी होईपर्यंत त्यात आंबट काही शिजवू नका. कल्हईचा ताव थोडा वेळच असतो, त्याने नव्या ठोक्यांचा कडकपणा फारसा जात नाही.

फार ठोकले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. कोंडी इतकी वाढते की तांब्याला ताणायला वावच उरत नाही आणि काठाला चिरा जातात. म्हणून मोठा हंडा घडवताना ठोकणे आणि तावणे आळीपाळीने चालते. ताव कधी द्यायचा हे हातोडीच्या उसळीवरून आणि आवाजावरून कळते. आवाज खणखणीत होत गेला की तांबे भरत आले.

प्रश्न : जुन्या ट्रकच्या पाट्यापासून दगड फोडायच्या छिन्न्या केल्या. पाणी दिले (लाल तापवून पाण्यात बुडवले) तर टोक पहिल्याच घावाला उडते, नाही दिले तर बोथट होते. (वाघोली)

पाणी दिलेले टोक अतिशय कडक पण काचेसारखे असते. कडकपणाचा थोडा भाग सोडून चिवटपणा घ्यावा लागतो. ती पायरी, टेंपर, तुमच्याकडून राहिली. शिवाय पाटा सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग पोलादाचा असतो. त्याला पाणी फार तीव्र पडते, केसासारख्या चिरा जातात. तेल वापरा.

टोकाचा ४० ते ५० मिमी भागच तापवा. चुंबक चिकटेनासे झाले की सुमारे ७७० अंश झाले. या पोलादाला तिथे थांबू नका, ९०० च्या आसपास, सावलीत स्वच्छ नारिंगी दिसेपर्यंत न्या. पांढुरके होऊन ठिणग्या उडाल्या तर टोक जळाले, तेवढे कापून टाका. ५०-६० अंशांच्या कोमट तेलात सरळ उभे बुडवून वर-खाली हलवा. घट्ट झाकणाचा लोखंडी डबा घ्या; तेल पेटले तर झाकण लावायचे, पाणी ओतायचे नाही. थंड झाल्यावर कानस फिरवा. ती घसरली, कापली नाही, तर काम झाले.

मग लगेच, उद्यावर न टाकता, टोक एमरीने चकचकीत करा आणि मागच्या बाजूने मंद आच द्या. रंग टोकाकडे चालत येतील: फिकट पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. टोकाशी जांभळ्याचा निळा होऊ लागला की, म्हणजे २८० ते ३०० अंशांना, बुडवा. सिलिकॉनमुळे रंग थोडे मागेपुढे होतात. पहिल्या छिन्नीचे टोक उडाले तर पुढची अजून निळी होऊ द्या, दबले तर थोडी आधी थांबवा. डोक्याला मात्र पाणीही नको, तेलही नको. ते मऊच राहिले पाहिजे, नाहीतर हातोडीखाली कपच्या उडतात. डोक्यावर आलेली छत्री वेळोवेळी घासून काढा आणि डोळ्यांवर चश्मा ठेवा. धार लावताना ग्राइंडरवर टोक निळे पडले तर टेंपर तिथेच गेला. सतत पाण्यात बुडवत धार लावा.

प्रश्न : बाथरूमची टफन्ड काच रात्री कोणीही हात न लावता फुटली. टफन्ड म्हणजे मजबूत ना? (कोथरूड)

टफन्ड काच साधारण ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन निववतात. पृष्ठभाग कायमचा दाबात राहतो आणि गाभा ताणात. बाहेरून आलेल्या वाकण्याला आधी तो दाब संपवावा लागतो, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट भार घेते. पण चीर गाभ्यापर्यंत पोचली की साठलेला ताण एकदम सुटतो आणि सगळी काच बारीक खड्यांत येते. तिची ताकद मोठी आहे, चीर थोपवण्याचा चिवटपणा नाही.

कारण बहुधा दोहोंपैकी एक. बसवताना कडेला पडलेला टवका किंवा स्क्रू थेट काचेला टेकलेला. दिवसा-रात्रीच्या तापमानाने तो हळूहळू आत जातो. किंवा काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण, जो महिन्या-वर्षांनी आपले रूप बदलून फुगतो. फुटलेले खडे टेपवर तसेच चिकटलेले असतील तर सुरुवातीच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शोधा; तसे मध्यभागी मिळाले तर कण, कडेला सुरुवात असेल तर बसवणी.

नवी काच घेताना ‘हीट सोक’ केलेली मागा. त्यात काच २९० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, म्हणजे असा कण असलेली काच कारखान्यातच फुटते. भोके आणि कडा टफनिंगच्या आधीच घासून घ्यायच्या. नंतर कापता येत नाही. प्रत्येक स्क्रू आणि बिजागरीखाली रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवा, खाली काच थेट फरशीवर टेकता कामा नये. डोक्यावर येणारी काच असेल, उदाहरणार्थ जिन्यावरचे छत, तर टफन्डऐवजी लॅमिनेटेड घ्या. ती फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून वरच राहते.